घरटी एक मेढ

रियाने मोबाईलवर आलेलं कोडं ओटीवर वालाचं बिरडं सोलत बसलेल्या बायांना घातलं. साऱ्या जगासमोर दोन बटणं आहेत, लाल आणि निळं. लाल दाबणारा हमखास वाचतो. निळं दाबणारे निम्म्याहून जास्त निघाले तर सगळेच वाचतात, कमी पडले तर निळंवाले तेवढे मरतात. तुम्ही कोणतं दाबाल?

"निळं," रियाची आई जयवंता म्हणाली. "लाल दाबून शेजारीण मेलेली बघायची? असली माणसं असतात का गं?"

सगळ्याच बायांनी निळं दाबलं आणि स्वतःच्या चांगुलपणावर खूश झाल्या.

"मग उद्या नागूकाकांकडे मेढ घेऊन कोण जाणार?" रियाने विचारलं.

सगळ्यांचं लक्ष एकदम बिरड्यात लागलं.

लोधिवलीजवळच्या या चाळीसेक घरांच्या गावात रोषणाईचा मांडव भाड्याने येतोच, पण त्याआधी दारात लाकडी मांडव उभा राहतो. त्याला घरटी एक मेढ, म्हणजे एक खांब, खांद्यावरून आणायची रीत. कोण आलं, कोण नाही, हे अख्ख्या गावाला दिसतं. उद्या नागूच्या लेकीच्या, समिधाच्या लग्नाचा मांडव होता, आणि नागूने नेमका आबाजींशी पंगा घेतला होता. आबाजी गावकीचे प्रमुख. त्यांच्या फार्महाऊसचं कुंपण गावच्या पायवाटेवर सरकलं तेव्हा गावाने कुजबुज केली, नागूने तहसीलदाराकडे अर्ज केला. वाळीत टाकायला कायद्याने बंदी आहे हे आबाजींना पक्कं ठाऊक. म्हणून तो शब्द टाळून ते एवढंच म्हणाले, "नागूच्या मांडवात जो जाईल, त्याच्या मांडवात गाव जाणार नाय."

जयवंताकडे तर पुढच्याच महिन्यात रियाचा साखरपुडा. भिसेगावहून मुलाकडचे येणार आणि आपल्या दारात गावचं काळं कुत्रं नसणार, हे तिला परवडणारं नव्हतं. तरी संध्याकाळी तिने परसातल्या भेंडीच्या झाडाचा एक सरळ सोट तोडून ठेवला. कशाला, ते मात्र स्वतःलाही सांगितलं नाही.

सकाळी गल्ली सुनी होती. सगळी दारं किलकिली आणि प्रत्येक फटीत एक डोळा. पहिलं कोण निघतं याचीच जो तो वाट बघत होता. पलीकडे नागूची बायको सोनुबाई सारवलेलं अंगण पुन्हा सारवत होती आणि सारखी गल्लीकडे बघत होती. रियाच्या बाळंतपणात जयवंताच्या उशाशी हीच बाई बसून राहिली होती. जयवंताला स्वतःची लाज वाटली.

तिने सोट उचलला. हिंमत होती, पण पुढच्या दाराएवढी नव्हती. ती मागच्या वाटेने निघाली.

बुधीच्या परसात पेंढ्याखालून ताज्या लाकडाचं टोक डोकावत होतं. वाघ्याच्या न्हाणीमागे दुसरी मेढ. नवशाने तर मेढीवर टॉवेल वाळत घातला होता. जयवंताला हसू आवरेना. अख्ख्या गावाने मेढी तोडल्या होत्या आणि अख्खं गाव शेजाऱ्याची वाट बघत होतं. शेवटच्या परसात ताडपत्रीखाली फणसाचा जाडजूड सोट होता. घर आबाजींचं.

ती सरळ पुढच्या गल्लीत आली.

"बुधे, पेंढ्यातली काढ. नवशा, तुझा टॉवेल वाळला रं. सगळ्यांच्या बघून आले मी," तिने हाळी दिली आणि ती चालू लागली. मागे वळून बघितलं नाही. कोणी येत नसेल तर ते तिला इतक्यात कळायला नको होतं. साखरपुड्याची रिकामी ओटी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

नागूच्या अंगणात कडेने खड्डे खणलेले होते. घरटी एक. एकही घर त्याने वगळलं नव्हतं. ते बघून जयवंताचे डोळे भरून आले.

"तू आलीस, बास झालं गं," सोनुबाईने मेढीचं दुसरं टोक धरलं.

तेवढ्यात मागून बुधीचा आवाज आला. ती नवऱ्याला मेढ नीट धरायला सांगत होती. तिच्यामागे नवशा, मग वाघ्या, मग कोण कोण. "आमी निघालोच होतो," असं प्रत्येकजण न विचारता सांगत होता. बघता बघता अंगण भरलं आणि एकच खड्डा उरला.

आबाजी शेजारीच स्वतःच्या ओटीवर पेपर तोंडासमोर धरून बसले होते. त्यांची बायको ललिता ताडपत्रीखालचा सोट ओढत घेऊन आली.

"ही मेढ कोणी तोडली?" आबाजींनी विचारलं.

"मी. नागूच्या मांडवात जाईल त्याच्याकडं गाव जाणार नाय, तुमीच बोललात. गाव तर तिकडंच हाय. आता आपल्याकडं कोण येणार ते तुमी बघा."

आबाजींनी गल्ली पाहिली, अंगण पाहिलं, आणि चष्मा खिशात घातला. पुढचं टोक ललिताने धरलं, मागचं त्यांनी. अंगणात येईपर्यंत त्यांना घाम फुटला.

"अर्ज काय मी मागं घेणार नाय, दादा," नागू म्हणाला.

"तो नंतर," आबाजी धापा टाकत म्हणाले. "आधी मेढ धर."