दक्षिणेच्या भिंतीलगतचा चर

जुन्या चर्चच्या आवारात गटाराची लाइन टाकायची म्हटली तरी कायद्याने एक पुरातत्त्वज्ञ हजर लागतो. मेरियल बॅगशॉ हेच काम करायची. जेसीबीच्या दातांखाली जुनं काही आलं की हात वर करायचा, काम थांबवायचं. असल्या चिखलात तिची उमेद सरली होती.

हियरफर्डशर परगण्यातल्या एका खेड्यातलं चर्च तेराव्या शतकातलं. तिथे संडास नव्हता. कारभार बघणारे म्हातारे विल्फ्रेड प्रॉसर त्याच्या परवानगीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालत होते. कारण त्यांची बायको, नेस्टा. आयुष्यभर तिने तिथला ऑर्गन वाजवला होता. मग कंपवात झाला. एका रविवारी सगळ्यांदेखत ऑर्गनच्या बाकावरच तिचे कपडे ओले झाले, आणि त्या दिवसापासून तिने चर्चची पायरी चढली नव्हती.

"नाताळच्या प्रार्थनेला आणतो तिला," काम सुरू झालं त्या सकाळी प्रॉसर म्हणाले. "कोट आत्ताच काढून ठेवलाय तिने."

दुसऱ्याच दिवशी दक्षिणेच्या भिंतीलगत कवटी लागली. मेरियल चरात उतरली. एका सांगाड्याखाली दुसरा, त्याला खेटून तिसरा, पाय सगळ्यांचे पूर्वेला.

"हाउसफुल्ल आहे की बाई," जेसीबीवरून कॉलिन म्हणाला.

मेरियलने हात वर केला. प्रॉसर धावतच आले.

"किती दिवस जातील?"

"इतकी दफनं म्हणजे धर्मप्रांताच्या कचेरीला कळवावं लागेल. ते लाइन दुसरीकडून न्यायला सांगतील. मग परत परवानगी. वसंत उजाडेल, मिस्टर प्रॉसर."

ते चराच्या कडेला मटकन बसले. मग हळूच म्हणाले, "पोरी, तू जरा गाडीत जाऊन बस. आम्ही दोघं उरकतो."

कॉलिन दुसरीकडे बघू लागला. मेरियलला मोह झाला, नाही असं नाही. नुसती पाठ तर फिरवायची होती. पण खाली कुणाचे तरी हात पोटावर जुळवून ठेवलेले होते. कुणीतरी ते तसे ठेवले होते.

"नाही जमणार मला."

"मेलेत गं ते! सहाशे वर्षं पडलेत, त्यांना कसली घाई? माझ्या नेस्टाला आहे!"

तिने फोन लावला.

कागद आपल्या चालीने फिरले. नाताळ गेला. जानेवारीत नेस्टाला न्यूमोनिया झाला आणि त्यातच ती गेली. मेरियलला हे कळलं ते एप्रिलमध्ये, कॉलिनकडून, उत्तरेला नवा चर खणताना. तिथे नुसती पिवळी चिकणमाती निघाली, एक हाडूकही नाही.

संध्याकाळी ती प्रॉसरांच्या घरी गेली. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं.

"कुठे पुरलंत त्यांना?"

"पुरलं नाही. दहन केलं. तिला आईबापांशेजारी जायचं होतं, चर्चच्या आवारात. मीच नको म्हटलं." ते खिडकीबाहेर बघत होते. "कधीतरी कुणाला काहीतरी बांधायचं असेल. चर काढतील. मग तुझ्यासारखी कुणीतरी येऊन तिच्या बरगड्या घासत बसेल."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी नियमानेच केलं हो सगळं," मेरियल म्हणाली.

"हो. नियमानेच केलंस तू."

संडास झाला. पांढऱ्या फरशीचा, आधाराला भिंतीत दांडी बसवलेला. पण प्रॉसरांनी कारभार सोडला, दुसरं कुणी पुढे आलं नाही, आणि उन्हाळा संपता संपता चर्चला कुलूप लागलं. मेरियल तोवर डोंगरापलीकडच्या एका गावात कामाला लागली होती. तिथला जेसीबी माती उपसत होता, आणि खाली कुणीही निघू नये एवढंच ती मनात घोकत होती.