त्रेपन्नावा कुठे उभा आहे

अमडापूरच्या सप्ताहात अर्जुनराव कीर्तनाला उभे राहिले की मंडपाबाहेर गप्पा मारणारी मंडळीही चपला काढून आत येऊन बसतात. आवाज खडा, आणि दृष्टांताची हातोटी तर अशी, की पाणबुडी मोटार असो, एसटीचा कंडक्टर असो की सोयाबीनवरची अळी, कशावरूनही हा माणूस तुम्हाला देवाच्या दारात नेऊन सोडणार. त्या दिवशी मात्र त्यांनी सुनेचं गणित काढलं.

"दोनाले दोननं गुणा," ते म्हणाले. "गुणतच राहा. जो आकडा येईन त्यातून एक काढा. आठातून एक गेला, सात राह्यले. सातले कोणी तोडू शकते? नाही! सोळातून एक काढा. पंधरा. तीन पंचे पंधरा, तुटला बिचारा! मर्सेन नावाचा एक संन्यासी होता, तो या न तुटणाऱ्या आकड्यांच्या मागं लागला. आज साऱ्या जगाले असे किती माहीत आहेत? बावन्न! बावन्नाव्यासाठी तर दोन हा आकडा साडेतेरा कोटींहून जास्त वेळा मांडून गुणा लागते."

टाळकऱ्यांनी टाळ छातीशी धरले. अर्जुनराव रंगात आले होते.

"अन् त्रेपन्नावा? तो वीस कोटींवर उभा आहे! माझी सून सांगते. लिहून ठेवा!"

मंडपात गजर झाला. बायकांच्या बाजूला बसलेल्या अनुपमानं मात्र मान खाली घातली.

अनुपमा चिखलीच्या कॉलेजात गणित शिकवते. घरच्या कोपऱ्यातला तिचा कॉम्प्युटर रात्रंदिवस याच शोधात घुमत असतो. जगभरच्या हजारो लोकांनी असे आकडे तपासायला वाटून घेतले आहेत, त्यातला एक वाटा तिचा. घरी आल्यावर तिनं सासऱ्यांपुढे चहा ठेवला आणि हळूच म्हणाली, "मामाजी, मी सरासरी सांगितली होती."

"मंग? सरासरी म्हणजे आकडाच ना?"

"चिखलीची जीप अर्ध्या तासानं येते म्हणतात. पण मी स्टँडवर गेली का कधी लगेच भेटते, कधी ऊन डोक्यावर येते. तसंच हे. आजवरचे पाह्यले तर पुढचा साधारण दीडपटीवर भेटते, म्हणून वीस कोटी म्हटलं. पण तो चौदावर असू शकते, चाळीसवर असू शकते. मागंही एखादा राहून गेला असन."

"पण इतका वेळ नाही भेटला, तं आता जवळच आला असन ना?"

"तिथंच तं सारे फसतात, मामाजी. जीपवाल्याले काय माहीत, तुम्ही कवापासून उभे आहात!"

अर्जुनरावांचा चहा तसाच राहिला. नारदाच्या गादीवरून बोललेला शब्द खरा असला पाहिजे, हे त्यांना त्यांच्या गुरूंनी पोरवयात बजावलं होतं. ठाऊक नसलेलं ठाऊक आहे म्हणून सांगितलं, तर गादी सोडायची. आणि परवा सप्ताहाच्या समारोपाचं, काल्याचं कीर्तन त्यांचंच होतं, गेली कित्येक वर्षं त्यांचंच.

सकाळी त्यांनी सप्ताहाचा कारभार पाहणाऱ्या कुलदीपला गाठलं. "काल्याले दुसरे महाराज पाहा. माझ्या तोंडून खोटं गेलं."

कुलदीप हसला. "अप्पा, वीस कोटींवर पाहाले कोण जाऊन राह्यलं? साऱ्या अमडापुरात तुमच्या सुनेशिवाय कोणाले समजते ते?"

"म्हणूनच तं. जे कोणी तपासू शकत नाही, ते तं जपूनच बोला लागते."

"काऊन जिवाले लावून घेता, अप्पा? ऐनवेळी महाराज आणू कुठून मी, भाजीबाजारातून?" पुटपुटत का होईना, कुलदीपनं मोटारसायकलला किक मारली.

दुपारी वीणेचा पहारा अर्जुनरावांचा होता. सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही. पुढच्यानं येऊन ती गळ्यात घेतली की मगच मागच्यानं हलायचं. पुढचा पहारा नेमका कुलदीपचा, आणि तो गेला होता महाराज शोधायला. अर्जुनराव उभे राहिले. पाय भरून आले. एवढा उशीर झाला, आता येईनच, असं मनात आलं आणि ते स्वतःशीच चमकले. कुलदीपला काय माहीत, आपण कवापासून उभे आहोत!

कॉलेजातून परतलेली अनुपमा पर्स बाजूला ठेवून टाळ घेऊन शेजारी उभी राहिली. भजनाच्या दोन चरणांमध्ये अर्जुनरावांनी विचारलं, "पोरी, तुझ्या कॉम्प्युटरनं आतापर्यंत काय काय काढलं?"

"नाही."

"म्हणजे?"

"प्रत्येक आकड्याले उत्तर आलं, नाही. हा तुटते. मग दुसरा आकडा घ्यायचा."

"कंटाळा नाही येत?"

तिनं टाळांची दोरी बोटाला घट्ट गुंडाळली. "येते ना. पण मी पाह्यलेला आकडा दुसऱ्याले पहिल्यापासून पाहा लागत नाही. तेवढा भार मी उचलला, असं वाटते."

अर्जुनरावांनी पुढचा चरण उचलला. वीणेची तार जरा जास्तच वाजली.

ऊन उतरल्यावर कुलदीप आला, केसांत धूळ घेऊन. "अप्पा, कोणी मोकळा नाही. धाड गावालेही जाऊन आलो."

"राहू दे," वीणा त्याच्या गळ्यात घालत अर्जुनराव म्हणाले. "मीच उभा राह्यतो. बोललो मी, तं फेडाही मलेच लागन."

काल्याच्या कीर्तनात त्यांनी गादीला हात लावून कपाळाला लावला आणि अभंगाआधीच सांगून टाकलं. "परवा मी म्हटलं, त्रेपन्नावा वीस कोटींवर उभा आहे. सुनेनं अंदाज सांगितला होता, मी त्याले जाहीर करून टाकलं. चूक माझी, तिची नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग कुठं आहे तो, महाराज?"

या गादीवरून आजवर त्यांच्या तोंडून कधी न निघालेले शब्द बाहेर पडले. "मले माहीत नाही. कोणालेच माहीत नाही."

मृदंगावरचा हात थांबला. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या सत्यभामाबाईंनी कानामागे हात धरला. "पण शोधणं चालू हाय ना, बापा?"

"हाव माय, चालू आहे."

"मंग थांबले काऊन? होऊ द्या गजर!"

मृदंगावर थाप पडली. अर्जुनरावांचा पहिला सूर थोडा हललाच.

दुसऱ्या दिवशी ते सुनेला सोडायला स्टँडवर आले. जीपचा पत्ता नव्हता. शेजारी भाजीची टोपली घेऊन बसलेल्या बाईनं विचारलं, "लई वेळ झाला अप्पा, आता येईनच ना?"

अर्जुनरावांनी अनुपमाकडे पाहिलं. ती ओठ दाबून हसत होती.

"माहीत नाही, माय," ते म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी टोपलीला जागा करून दिली.