रंध्याचा जळफळाट

मी एक जुना रंधा आहे. मित्रांनो, ‘जुना’ हा शब्द माझा नाही. फळीवर माझ्या शेजारी विजेवर चालणारं रंधायचं यंत्र येऊन बसलं, तेव्हापासून सगळे मला तसं म्हणतात.

जन्म. एका सुतारानं टणक लाकडाच्या ठोकळ्यातून मला कोरलं. मधल्या खाचेत पोलादी पातं बसवलं, पाचर ठोकून घट्ट केलं आणि मग...

थांबा. ते यंत्र गुरगुरायला लागलं. माझा जन्मसुद्धा धड सांगू देत नाही.

काम. तेव्हा या गल्लीत सुतारांची सात दुकानं होती. मला पुढे ढकललं की कांद्याच्या पापुद्र्यासारखा छिलका निघे. सुतार तो उजेडाला धरून बघे. आता दारं कारखान्यातून तयार येतात. सहा दुकानांत मोबाइल, केक, चष्मे असलं काहीबाही मिळतं. सातवं सुताराची लेक चालवते, यंत्रावर. सुताराचे गुडघे गेले, तो खुर्चीत असतो.

लेक रोज यंत्राला फडक्यानं पुसते. मला शेवटचं कधी पुसलं, ते विचारू नका. गंज आणि जळफळाट माझ्या अंगावर एकदमच चढले.

एकदा शेजारच्या शिंपीणबाई आपलं अडणारं दार घेऊन आल्या. दारावर रंगाचे चार थर. जुन्या लाकडावर आधी तळहात फिरवायचा, खिळा लागतो का पाहायचं, ही सुतारांची रीत. लेकीनं हात फिरवला नाही, थेट यंत्र उचललं. रंगाखालचा खिळ्याचा फुगवटा मला फळीवरून दिसत होता. मला तोंड नाही. असतं तरी मी बोललो नसतो.

खाडकन आवाज झाला. यंत्राच्या एका पात्याचा तुकडा उडाला. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

“दाराला रंग होता. तुझ्या डोळ्यांनाही होता का?” सुतार म्हणाला.

“बाबा, टोमणे नंतर मारा. बाईंचं घर उघडं पडलंय.”

तिनं खिळा उपटला आणि मला उचललं. आता बघाच, असं मी मनात म्हणालो. पण माझ्या गंजक्या पात्यानं लाकूड सोललं नाही, ओरबाडलं.

“अगं बाई, हे तर मांजर,” शिंपीणबाई म्हणाल्या.

सुतारानं धार लावायचा दगड मागितला. माझ्यासाठीच, अजून कुणासाठी? त्यानं यंत्राचं पातं हातात घेतलं. ज्या अंगठ्यानं इतकी वर्षं माझी धार जोखली, त्याच अंगठ्यानं त्याची जोखली.

“हे कामातून गेलं. दे ते मांजर इकडे.”

मित्रांनो, माझा दुसरा नंबर लागला. तोही मी घेतला. त्यानं लेकीचा अंगठा पात्यावर ठेवला, वर स्वतःचा ठेवला आणि दोघांनी मिळून मला धार लावली. संध्याकाळच्या आत दार चौकटीत बसलं. बाईंनी ते एका बोटानं लावलं.

म्हणून सांगतो, घरातलं जुनं हत्यार शोभेला मांडून ठेवू नका. पुसा, धार लावा, हातात घ्या. बसून राहिलं की ते गंजतं, आणि गंजलं की शेजाऱ्याचं वाईट चिंततं.

यंत्राला नवी पाती आली. दर शनिवारी लेक आम्हा दोघांना धार लावते. त्याला दगडावर माझ्या दुप्पट वेळ मिळतो. त्याला दोन पाती आहेत, असं ती म्हणते.

मला पटत नाही.