सायकलवरचा धोंडा

अण्णांच्या तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी शेजारचा नाथा ऊसतोडीला निघाला. अण्णा गेल्यापासून आमचं दूध तोच आपल्या मोटरसायकलवर कडा गावातल्या डेअरीत घालत होता. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, उद्यापासनं बघा बरं कुणी दुसरं. मी आता चैतातच येतो."

माझा भाऊ सत्यम पुण्याला परतायच्या घाईत होता. "म्हैस विकून टाकू. दूध घालायला माणूस कुठंय?"

आई उठून म्हशीपुढची वैरण सारखी करत राहिली. घरात अण्णांचं अंथरूणही ती अशीच रोज झटकून पुन्हा घालत होती.

"मी घालीन," मी म्हणाले. मी कड्यातच शिकवते. तिथली भाड्याची खोली सोडून आईकडे राहायला यायचं, सकाळी दूध द्यायचं आणि तसंच पुढे शाळेत जायचं.

सत्यम हसला. "तायडे, तू हँडलवर पुस्तक ठेवून जाशील. दोन दिवस नीट पोचवून दाखव, मग विकायचं नाव काढणार नाही."

सायकल अण्णांचीच. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी आकडे. म्हशी दोन होत्या तेव्हा दोन किटल्या लटकायच्या. एक म्हैस गेल्यावर डाव्या आकड्याला किटली आणि उजव्याला दोरीत बांधलेला धोंडा, अशी नऊ वर्षं गेली.

सकाळी तो धोंडा जागेवर नव्हता. शोधण्यात वेळ चालला होता. मी जुनी किटली हौदावर दुधाइतकीच पाण्याने भरली आणि उजवीकडे अडकवली. वजनाला वजन झालं, एवढाच माझा विचार.

वळणावर पाणी डचमळायचं आणि हँडल हिसका द्यायचं. पण पडले नाही. डेअरीसमोर उतरले तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

रांगेतला एकजण सायकलकडे वाकून बघत म्हणाला, "मास्तरीणबाई, पाणी बी संगंच आणलं व्हय? आता हितंच मिसळताव का?"

सगळी रांग हसली. दूध मोजणारे अर्जुनराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी दुधात डिग्री, म्हणजे पाणी ओळखायची काचेची नळी, सोडली, डोळ्यांजवळ धरून पाहिली. "चोख हाय," ते मोठ्याने म्हणाले. मग माझ्याबरोबर सायकलपर्यंत आले.

"अण्णा धोंडा कावून आणत व्हते, ठावं हाय?"

"तोल राहावा म्हणून."

"तोल पाण्यानं बी ऱ्हातो की. दुधासंगं पाणी घेऊन मी रस्त्यानं जायचा न्हाई, म्हणायचे. बघणाऱ्याला शंका तरी कावून येऊ द्यायची?"

नऊ वर्षं तो धोंडा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी कधी विचारलं नव्हतं. पाणी तिथल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं. त्या दिवशी वर्गात मी दोनदा हजेरी घेतली.

संध्याकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, "तेराव्याच्या सैपाकाला मागं चूल मांडली व्हती. तिथं तर न्हाई नेला कुणी?"

घरामागे राख तशीच होती. तीन धोंडे काजळीने सारखेच काळे. हात फिरवत गेले. तिसऱ्याच्या मधोमध दोरीने घासून पडलेली गुळगुळीत खाच होती. आलेल्या सगळ्यांचं जेवण त्याच्यावर शिजलं होतं.

आई राखेने तो घासत बसली. बराच वेळ. शेवटी सत्यमनेच तो उचलून आकड्याला बांधला. "लई जड हाय गं," म्हणाला. पुण्याला गेल्यापासून तो असा बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी फाटकातून निघताच सायकल उजवीकडे ओढू लागली. अण्णा गेल्यापासून म्हैस पान्हा चोरत होती. दूध कमी भरलं होतं आणि धोंडा होता तेवढाच होता. दोनदा पाय टेकला. तिसऱ्यांदा निघताना मी सीटवर डावीकडे सरकले. तिथं रेक्झिन दबून खळगा पडला होता; म्हैस आटत आली की अण्णाही असेच बसत असणार. त्यात बसले, डावा खांदा खाली सोडला आणि सायकल सरळ चालू लागली.

घरातल्या प्रत्येक फोटोत अण्णांचा डावा खांदा खाली आहे. मला नोकरी लागली तेव्हाच्या फोटोतही. "अण्णा, सरळ उभे राहा ना," मी म्हणाले होते. "सरळच हाय की," ते म्हणाले होते.

रांगेतल्यांनी धोंडा पाहिला आणि आपापल्या किटल्या पुढे सरकवल्या. दूध घालून झालं तेवढ्यात सत्यमचा फोन आला.

"पोचलीस?"

"पोचले."

"बरं. जायच्या आधी दोन महिन्यांची वैरण टाकायला सांगून जातो."

किटली रिकामी झाल्यावर धोंडा कॅरिअरच्या मधोमध बांधायचा असतो, हे अर्जुनरावांनी दाखवलं. तसा तो घेऊनच शाळेत गेले. फाटकाशी उतरले, सायकल भिंतीला लावली. डावा खांदा अजून खालीच होता. घंटा होईपर्यंत मी तो तसाच राहू दिला.