बाहेरून लावलेली कडी

माधवगंजातल्या मानसिंगरावांच्या घरी त्या दिवशी पहाटेपासून तीळ भाजणं चाललं होतं. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी. चुलीपासून जरा सरकलं की बोटं आखडत. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षीच होई, पण यंदा देशातली पहिली निवडणूक होती आणि मानसिंगराव उभे होते. त्यामुळे पार टोपी बाजारापर्यंतच्या बायकांना बोलावणं गेलं होतं. तीळ भाजत होती मानसिंगरावांची विधवा बहीण, पद्मा. बैठकीत सतरंज्या घालून घेत होती त्यांची बायको, शामला.

शामला शिंदे की छावनीतल्या एका हवालदाराची मुलगी. चौदाव्या वर्षी या घरात आली तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. पद्मा तिच्याहून थोडी मोठी, लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पुसून माहेरी परतलेली. पण चार इयत्ता शिकलेली. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की ती शामलाला चुलीच्या राखेत अक्षरं काढून दाखवी. पुढे मानसिंगराव चळवळीत तुरुंगात गेले आणि बायकांच्या सभेत शामलाला उभं राहावं लागलं. ते पहिलं भाषण पद्माने पोळ्या लाटता लाटता तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

संस्थान विलीन झालं, मध्य भारत राज्य झालं, आणि शामला शहरातल्या सगळ्या लष्कर भागाची वहिनीसाहेब झाली. विधवांच्या दुःखावर ती बोलू लागली की बायका डोळ्यांना पदर लावत. पद्माला मात्र त्या सभांना कुणी नेलं नाही. मास्तरीणबाई होण्याचं शिक्षण घ्यायचंय, असं ती एकदा म्हणाली होती. निवडणूक होऊन जाऊ दे, असं शामलाने सांगितलं. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. अडवणारं दुसरं कुणी नव्हतं.

मागच्या हळदीकुंकवात पद्मा पाण्याची घागर घेऊन चुकून बैठकीत आली होती. विजयाबाई म्हणून गल्लीतल्या वजनदार बाई होत्या. त्या वाण न घेताच उठून गेल्या. यंदा तसं व्हायला नको, एवढंच मानसिंगराव सकाळी बोलले. दुपारी बायका जमू लागल्या तेव्हा पद्मा मागच्या खोलीत शेगडीपाशी हात शेकत बसली होती. खोलीला खिडकी नव्हती. शामलाने दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे, असं तिने मनाशी म्हटलं.

बैठक भरली. हळदीकुंकू झालं, आणि वहिनीसाहेबांनी चार शब्द बोलावेत असा विजयाबाईंनीच आग्रह धरला. शामला नेहमीसारखी विधवांच्या दुःखावर बोलू लागली आणि मागून दारावर थाप ऐकू आली. मग आणखी एक. शामलाने आवाज चढवला. थापा हळू होत गेल्या आणि थांबल्या. तिने भाषण पुरं केलं, प्रत्येकीच्या हातात तिळगूळ ठेवला, दारापर्यंत जाऊन सगळ्यांना निरोप दिला. त्यानंतर तिने कडी काढली.

पद्मा उंबऱ्याशीच पडली होती. शेगडीतल्या कोळशांचा धूर खोलीत कोंडला होता. शामलाने तिला ओढत अंगणात आणलं, डॉक्टर आले, आणि बऱ्याच वेळाने पद्माने डोळे उघडले. पद्माला ताप आल्याचं लोकांना सांगण्यात आलं.

शामलाला अन्न जाईना. शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं, की रविवारी टोपी बाजारातल्या सभेत मी वन्संना व्यासपीठावर नेणार आणि सगळ्यांसमोर कुंकू लावणार. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि मान डोलावली. नव्या मतदारांना हे आवडेल, म्हणाले.

ती पद्माच्या खाटेपाशी गेली आणि बेत सांगितला. पद्माने ऐकून घेतलं.

"मी दार वाजवलं, ते तुला ऐकू आलं होतं, वहिनी?"

नाही म्हणणं सोपं होतं. गर्दीचं निमित्त होतं.

"हो," शामला म्हणाली. "पहिल्यांदा वाजवलंत तेव्हाच."

पद्मा खाटेवर उठून बसली.

"त्या दिवशी मी दिसायला नको होते, म्हणून किवाड बंद केलंस. आता दिसायला हवी आहे, म्हणून स्टेजवर नेतेस. मला काय पाहिजे, हे ना दादाने विचारलं, ना तू. मी नाही येत. मला शिकायला पाठव, बस."

रविवारच्या सभेला शामलाही गेली नाही. मानसिंगरावांनी खूप समजावलं, मग अबोला धरला. ती विजयाबाईंकडे गेली. तिथे त्याच बायका जमल्या होत्या. कडी कुणी लावली, थापा कुणी ऐकल्या आणि त्या वेळी आपण कशावर भाषण करत होतो, हे तिने त्यांना सांगितलं. विजयाबाईंनी पानाचं तबक उगाच जवळ ओढलं. त्याच आठवड्यात शामलाने स्वतः जाऊन मास्तरीणबाईंच्या शिक्षणासाठी पद्माचं नाव घातलं.

मानसिंगराव निवडून आले. पद्मा मास्तरीणबाई झाली, शाळेजवळच्या एका खोलीत राहू लागली. सणावाराला येई, हसून बोले. पण शामलाने कितीदा माफी मागितली तरी त्यावर ती गप्पच राही. छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि मानसिंगरावांचं बिऱ्हाडही. तुम्हीही चला, असं शामलाने विनवलं. माझ्या मुलींना कोण शिकवणार, एवढंच पद्मा म्हणाली.

भोपाळमधल्या बायकांच्या पहिल्याच सभेत पुढाऱ्यांच्या पत्नी म्हणून शामलाला बोलायला बोलावलं. ती उभी राहिली, पण तिला भाषण सुरू करवेना.

"तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी कुणी आहे का, जिला तुम्ही मागे ठेवून आलात?" तिने विचारलं. "असेल तर ती येईपर्यंत मी थांबते."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. बऱ्याच वेळाने मागच्या रांगेतली एक बाई उठून गेली. परतली तेव्हा तिच्यासोबत कपाळ रिकामं असलेली, ओल्या हातांची तिची जाऊ होती. सगळ्या माना वळल्या. शामला व्यासपीठावरून उतरून तिच्यापाशी गेली.

"तुम्हाला यायचं होतं का?"

त्या जावेने आपल्याला घेऊन आलेल्या बाईकडे पाहिलं, भरलेल्या सभेकडे पाहिलं. असं काही तिला कुणी विचारलं नसावं.

"बसते थोडी," ती म्हणाली.