बोळ्याची दोरी

दात होता. न्हाणीतल्या मोरीच्या जाळीवर, केसांच्या गुंतवळ्यात अडकलेला, मुळाशी जरासा लालसर... त्याने आधी खडा समजून नखाने उचकटला. लोकांची गटारं मोकळी करणाऱ्यांच्या घरातच मोरी तुंबावी, हा विनोद त्याला सुचलाही होता. मग तो खडा तळहातावर आला आणि विनोद जागच्या जागी मेला. आता दात त्याच्या शर्टाच्या खिशात होता, तो जुन्या मॅनहोलच्या काठावर उकिडवा बसला होता, आणि खाली भावोजी, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, भिंत फोडत होते.

“न्हाणीत पाय घसरला,” ताई म्हणाली होती, तोंडावर पदर धरून. ताईचा पाय लग्न झाल्यापासून घसरतोच आहे. दारं तिलाच लागतात, कपाटं तिच्याच अंगावर येतात – आणि भिंतीपलीकडे झोपणारा तिचा सख्खा भाऊ कानावर उशी दाबून पडून राहतो, कारण डोक्यावरचं छप्पर भावोजींचं, हातातलं काम भावोजींनी शिकवलेलं... शाब्बास रे भाऊ!

ठण्. विटेचा कपचा उडाला. नव्या घरांच्या रांगेचा पाइप चरातून इथवर आणून टेकवला होता. आता मॅनहोलच्या भिंतीला त्याच्याएवढंच भोक पाडायचं, पाइप त्यात बसवायचा, त्याचं टोक आत पुढे येऊ द्यायचं नाही, कडेने सिमेंटचा माल भरायचा. तोवर वरच्या वस्तीचं घाण पाणी थांबायला हवं, म्हणून ते येतं त्या नळाच्या तोंडात चिंध्या भरलेल्या गोणपाटाचा बोळा ठोकून बसवलेला. बोळ्याला दोरी, आणि दोरीचं टोक काठावरच्या माणसाच्या मुठीत. मागे पाणी तुंबत गेलं की दोरी थरथरते. खालचा माणूस वर आला की हिसका देऊन बोळा काढायचा. आधी नव्हे.

ही दोरी कुणाच्या हाती द्यायची याचा त्यांच्या धंद्यात ठरलेला रिवाज आहे – बायकोच्या भावाच्या. सख्खा भाऊ वाटणीवरून बिथरेल, दोस्ताचा काय भरवसा. पण मेहुणा काही आपल्याच बहिणीला विधवा करणार नाही. हा हिशेब ज्याने पहिल्यांदा मांडला, त्याच्या बहिणीला बहुतेक नवरा बरा मिळाला असावा.

वरून भावोजींची मान दिसत होती. जाड, घामाने चकाकणारी, वळी पडलेली. हातोडा वर जायचा, खाली यायचा, आणि मनगटाला तीच लकब, शेवटी एक छोटासा झटका... याच मुठीने. हाच झटका. अरे, तू विटेवर मारतोस तसंच तिच्या जबड्यावर मारलंस का रे? ठण्. त्या मानेवर दगड घालावा. ठण्. त्या तोंडात ही घाण कोंबावी, गळ्यापर्यंत, डोळे बाहेर येईपर्यंत... त्याच्या मुठीतली दोरी घामाने ओली झाली होती आणि बोळ्यामागचं पाणी तिच्यातून त्याच्या बोटांशी बोलत होतं.

“झोपलास का मेहुणेबुवा?” खालून भावोजी म्हणाले. “दोरी काय म्हणतेय?”

“ठीक आहे.”

“ताईला सांग, आज जरा लवकर वाढ म्हणावं. सकाळी तोंड पाडून बसली होती.”

तोंड पाडून.

त्याने दोरी ओढली. फार नाही, बोटभर. बोळा कलला आणि त्याच्या कडेने काळ्या पाण्याची चिळकांडी भावोजींच्या पाठीवर बसली. हातोडा पडला. “अरे! अरे, दोरी! सोड... नको, नको, राजा, नको ना –” भावोजींचा आवाज चिरकला, दोन्ही हात वर आले, त्या हातांत बळच नव्हतं, आणि काठावर बसलेल्या त्याच्या पोटातून काहीतरी कोमट, गोड वर चढत गेलं. किती सोपं होतं हे! बोटभर दोरी. अजून बोटभर ओढावी असं त्याला वाटलं – ताईसाठी नव्हे. ताई त्या क्षणी त्याच्या डोक्यातही नव्हती. नुसतं ते “नको ना” पुन्हा ऐकायला. ते कळलं तशी त्याने भिऊन मूठ सैल केली.

भावोजी कसेबसे वर आले. आता थोबाडीत बसणार म्हणून त्याने गाल घट्ट केला. पण भावोजींनी फक्त तोंड पुसलं, बांबूने बोळा पुन्हा आत ठोकला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

“हात घसरला,” तो म्हणाला.

“घसरतो,” भावोजी म्हणाले. “ठीक आहे. घरी गेल्यावर बघतो तुझ्या ताईकडे. तिनेच शिकवलं असेल.”

“तिला काही माहीत नाही, भावोजी! खरंच. माझा राग माझ्यावर काढा.”

भावोजी थोडे हसले. “मग उतर तू. कडा तासायच्या राहिल्यात, माल भरायचाय. दोरी मी धरतो.”

रिवाज फक्त मेहुण्याला बांधतो. बायकोचा भाऊ मेला तर बहीण काही विधवा होत नाही. त्या बाजूने नियम करायचं कुणाला सुचलेलं नाही. हे त्याला कळत होतं. तरी तो उतरला. नाहीतर हा राग तसाच्या तसा घरी गेला असता.

खाली गार होतं. बोळा पाठीमागे ठिबकत होता. त्याने छिन्नी लावली, हळूच ठोकलं, आणि त्याचं सगळं अंग कान झालं. वर पाय सरकला – कंटाळून की चिडून? घसा खाकरला; हे खाकरणं साधं. काडी ओढल्याचा आवाज... बरं झालं, विडी पेटली म्हणजे डोकं जरा थंड असेल. पण लगेच विझवली. का विझवली? मला हे सगळं कधीपासून वाचता यायला लागलं? – आणि मग त्याला ताई दिसली, संध्याकाळी दाराशी उभी, येणाऱ्याच्या चपला कशा पडतात ते ऐकणारी, एकच गोष्ट तीन-तीनदा विचारणारी. बावळट आहे ही, असं तो इतकी वर्षं समजत आला होता. इतकी वर्षं ती इथे उभी होती.

दोरी हलली? की नुसता भास?

“भावोजी,” तो म्हणाला, “दमला असाल ना? मी उरकतो लवकर.”

आवाज बारीक होता, लाडीगोडीचा. त्याला तो स्वतःचा वाटला नाही. त्याने हातोडा अलगद खाली ठेवला, वाजू नये म्हणून, आणि मान वर न करता पुन्हा विचारलं,

“भावोजी, चहा घ्यायचा का मग?”