एक कोटी ठोके

अकॅडमीवाल्या लालासाहेबांना या सौद्यात नऊ सेकंद मिळणार होते, आणि त्या नऊ सेकंदांच्या जोरावर पुढची अख्खी बॅच. शमशादबींना मिळणार होती मैदानाच्या कडेची पत्र्याची खोली, विजेसकट. वरवर पाहता नुकसान कोणाचंच नव्हतं. म्हणूनच शमशादबींनी चहाचा कप खाली ठेवला.

“पुन्ना सांगा.”

“आवं चाची, सोपं हाय. तुमचं खोकं सेकंदाला किती ठोके देतंय?”

“एक कोटी.”

“मग मैदानातल्या घड्याळाच्या बोर्डानं एक कोटी पाच लाख मोजायचे आन् मग एक सेकंद धरायचा. पोरं तीच, पाय तेच, आकडा तेवढा कमी. उमेद वाढती वो पोरांची!”

“आन् तुमची फी?”

लालासाहेब मोठ्यानं हसले. अशा वेळी हसणं त्यांना बरं जमायचं.

निवृत्त झाल्यावर बायका सुनेच्या मागे लागतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या शमशादबी सेकंदाच्या मागे लागल्या होत्या. उपग्रहांचे इशारे ऐकून अचूक ठोके देणारं खोकं त्यांनी गच्चीवर स्वतः बांधलं आणि वायरी टाकून गल्लीतल्या हौशी लोकांना ते ठोके फुकट वाटले. आपलं यंत्र खरं मोजतंय की खोटं, हे रेडिओवाला अल्लाबक्षसुद्धा त्यांच्याच वायरीवर ताडून बघायचा. सगळा कारभार मात्र, वायरींना शिशाचा डाख देण्यासकट, जेवणाच्या टेबलावर. “अम्मी, डाळीत शिशाचा गोळा सापडला,” हे सून आसियानं आजवर दोनदा ऐकवलं होतं. खोलीची किंमत शमशादबींना चांगली ठाऊक होती.

गल्लीमागच्या मैदानात लालासाहेबांची पोलीस भरतीची अकॅडमी. मोबाईल, मनगटी घड्याळं गेटवरच जमा. वेळ म्हणजे सरांच्या, अर्थात लालासाहेबांच्याच, हातातलं स्टॉपवॉच, आणि ते सुरू करताना सरांचा अंगठा नेहमी उशिरा पडायचा. आता त्यांना भिंतीवर मोठा बोर्ड हवा होता, आणि गेटवर फ्लेक्स: ‘उपग्रहाच्या अचूक वेळेवर सराव’. खोट्याला पाटी खऱ्याचीच लागते.

“लावते बोर्ड,” शमशादबी एवढंच म्हणाल्या. किती मोजायचं, ते बोलल्या नाहीत. लालासाहेबांनी खोली झाडून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठशे मीटरला पहिली सुटली शिवांजली. माण तालुक्यातली, मेंढपाळाची पोर. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत हवे. काल सरांनी तिला दोन अठ्ठावन्न दिले होते. रेषा ओलांडून तिनं वर पाहिलं. बोर्डावर तीन मिनिटं सात सेकंद.

“बोर्ड बिघडलाय!” लालासाहेब ओरडले. “चाची, ठरलं काय हुतं?”

“तुमचं ठरलं हुतं. मी चहा पीत हुते.”

“खोली मिळायची न्हाई मग.”

“नका दिऊ. डाळीतलं शिसं वेचून खाऊ आमी.”

पोरं फिस्सकन हसली. शिवांजली हसली नाही. ती शमशादबींच्या अंगावरच आली.

“चाची, काल दोन अठ्ठावन्न हुते माझे! बापाला फोन करून सांगितलंय मी.”

“काल ते सरांचे हुते, पोरी. हे तुझे हायत.”

“मला न्हाई पायजेत असले!”

“मग तिकडं खऱ्या मैदानात काय सांगशील? आमच्या सरांचा अंगठा आणा म्हनून?”

लालासाहेबांनी शिट्टी फुंकली. “काढा रं ती वायर!”

“बोर्ड तुमचा, खुशाल फोडा,” शमशादबी वायरीपाशी स्टूल ओढून बसल्या. “ठोके माझे हायत. खोट्याला द्यायचे न्हाईत.”

वायर काढायला कोणी पुढे आलं नाही. शिवांजली फाटलेले बूट काढत रेषेकडे निघाली.

“चाची, परत शून्यावर घ्या.”

“दमलीस, बाळ. उद्या पळ.”

“घ्या म्हनते न्हवं!”

तीन नऊ. दोन सेकंद वाढलेच. गुडघ्यांवर हात टेकून तिनं आकडा वाचला, मोठ्यानं, लालासाहेबांकडे बघत. मग पुन्हा रेषेवर जाऊन उभी राहिली. तिच्या मागे आणखी चारजणी.

हिशेब इतकाच. लालासाहेबांचा एक फ्लेक्स वाया गेला. शमशादबींची खोली हुकली. नऊ सेकंद मात्र जागचे हलले नव्हते. ते भरून काढायला शिवांजली अनवाणी, तिसऱ्यांदा सुटली.